मॅकवर किंवा लिनक्सवर नोटपॅड++ शोधताय?

विंडोज सोडून मॅक किंवा लिनक्सवर आलं की सगळ्यात आधी नोटपॅड++ या टेक्स्ट एडिटरची आठवण येते, पण एक लक्षात घ्या, ते 2003 पासून फक्त विंडोजसाठीच आहे, विन32 एपीआयवर (विंडोजच्या स्वतःच्या प्रोग्रामिंग सुविधांवर) बांधलेलं, त्यामुळे त्याच्याच नावाने कोणी मॅकची फाईल देत असेल तर ती मूळ टीमची समजू नका. पर्याय म्हणून मला स्वतःला नोटपॅड नेक्स्ट आवडलं. वेगळ्या डेव्हलपरने क्यूटीमध्ये (वेगवेगळ्या सिस्टीमवर चालणारे प्रोग्रॅम बनवायच्या साधनात) नव्याने लिहिलंय, आत एडिटिंगसाठी नोटपॅड++ मधलाच सिंटिला हा तयार घटक आहे म्हणून हाताला ओळखीचं वाटतं, आणि लिनक्सवर ते फ्लॅटपॅक किंवा अ‍ॅपइमेज या पॅकेजच्या प्रकारांत मिळतं. डाउनलोड मात्र गिटहब या कोड ठेवायच्या साइटवरच्या त्याच्या रिलीज पानावरूनच करा, सर्चमध्ये वर दिसणाऱ्या जाहिरातीवरून अजिबात नको, कारण एडिटरमध्ये आपण पासवर्डवाल्या कॉन्फिग फाईलीसुद्धा उघडतो ना! नोटपॅड++ चे जुने प्लगइन (जादा सोयी देणारे जोड-प्रोग्रॅम) यात चालत नाहीत, ते विंडोजच्या डीएलएल फाईली, म्हणजे विंडोजसाठी बनवलेला कोड असतात. प्लगइन हवेच असतील तर लिनक्सवर वाइन या विंडोजचे प्रोग्रॅम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमधून मूळ एडिटर चालवून बघा. आणि महत्त्वाच्या फाईलींचा बॅकअप आधी घ्या, नोटपॅड नेक्स्टवर अजून काम चालू आहे.