पावसाआधी 'गो'ची अख्खी साखळी उतरवून ठेवा

मालवण-देवगडकडे मृग लागला की वीज आणि नेट कधी जाईल याचा नेम नाही. 'गो' ही प्रोग्रॅमिंग भाषा सोर्सवरून (मूळ कोडपासून) बांधायची असेल तर लागणाऱ्या सगळ्या आवृत्त्या मे महिन्यातच उतरवून घ्या. २०१५ च्या १.५ पासून गोचा कंपायलर (कोडचं चालणाऱ्या प्रोग्रॅममध्ये रूपांतर करणारा) गोमध्येच लिहिलेला आहे, त्यामुळे नवा बांधायला जुना हाताशी लागतोच. सी भाषेत लिहिलेला शेवटचा कंपायलर १.४ चा. त्यावरून १.१७.१३ बांधायची, मग १.२०.१४, मग १.२२.६ आणि त्यावर १.२४.

१.४ चं नेहमीचं पॅकेज नको, खास बूटस्ट्रॅपसाठी (जुन्यावरून नवी आवृत्ती बांधण्यासाठी) काढलेलं २०१७ चं घ्या. बांधताना 'सीगो_एनेबल्ड' (CGO_ENABLED) हे सेटिंग शून्य ठेवा. पुढे प्रत्येक पायरीला 'गोरूट_बूटस्ट्रॅप' (GOROOT_BOOTSTRAP) या सेटिंगमध्ये आधीच्या आवृत्तीच्या फोल्डरचा पत्ता द्यायचा आणि 'एसआरसी' (src) फोल्डरमधून 'मेक.बॅश' (make.bash) ही स्क्रिप्ट चालवायची. घाई असेल तर १.२२.६ ची तयार बायनरी (आधीच बांधलेली आवृत्ती) घेऊन थेट १.२४ बांधा, तेही बरोबरच आहे. पण मुळापासून सगळं स्वतः बांधल्याची खात्री हवी असेल, तर पूर्ण साखळीच करा. माझं मत तिकडेच.

नेट असतानाच प्रत्येक फाइलचा शा-२५६ (SHA-256, फाइल जशीच्या तशी उतरली का हे तपासायचा कोड) गोच्या अधिकृत पानाशी ताडून घ्या. तुटक्या नेटवर फाइल अर्धवट उतरते, आणि ते ऐन पावसात कळतं.