अल्पसंख्य समाजांत अस्थिमज्जा दात्यांची नोंदणी कशी वाढवावी

रक्तगट जुळला म्हणजे अस्थिमज्जा जुळली, असं नसतं. जुळावे लागतात एचएलए प्रकार (पेशींवरच्या ओळखखुणा), आणि ते वारशाने येतात. सख्ख्या भावंडाशी ते जुळण्याची शक्यता चारात एक. एरवी दाता बहुधा आपल्याच वंशगटात सापडतो. अमेरिकेच्या एनएमडीपी या दात्यांच्या नोंदणीत पूर्ण जुळणारा दाता मिळण्याची शक्यता गोऱ्या रुग्णांना सुमारे ७९ टक्के, कृष्णवर्णीयांना २९. बोलायला सुरुवात इथूनच करा.

मग थेट भीतीला हात घाला. ‘मणक्यात सुई खुपसतात’ हा गैरसमज हमखास निघतो. मज्जा काढतात कंबरेच्या हाडातून, भूल देऊन. बहुतेकदा तेही नाही: चार-पाच दिवस इंजेक्शनं, मग हाताच्या शिरेतून रक्त यंत्रात जातं, रक्त तयार करणाऱ्या मूळपेशी वेगळ्या होतात, उरलेलं रक्त परत अंगात. चार ते सहा तास लागतात. इंजेक्शनांनी हाडं ठणकतात, हे लपवू नका. सांगणारा त्याच समाजातला, त्याच भाषेत बोलणारा हवा.

नमुना गालाच्या आतून कापसाच्या काडीने घ्यायचा. त्याआधी अर्धा तास खाणं-पिणं बंद. गर्दीत बारकोडांची अदलाबदल होते, म्हणून एकाचं पाकीट चिकटवल्याशिवाय दुसऱ्याचं उघडू नका.

खरी गळती पुढे होते. काही वर्षांनी जुळणारा रुग्ण सापडल्याचा फोन येतो तेव्हा नंबर बदललेला असतो, किंवा घरचे अडवतात. जवळच्या नातेवाइकाचाही नंबर घ्या, घरच्यांशी आधी बोलायला सांगा. भिडेखातर कुणाची सही घेऊ नका: प्रत्यारोपणापूर्वी रुग्णाची स्वतःची मज्जा औषधांनी नष्ट करतात, त्यानंतर दाता फिरला तर रुग्णाच्या जिवावर बेततं.