विमानातील आणीबाणीत वैमानिकांनी चेकलिस्ट कशी पाळावी आणि कुठे स्वतः ठरवावे

इशाऱ्याची घंटा वाजली की लगेच चेकलिस्टकडे हात जाऊ देऊ नये. आधी एका वैमानिकाने विमान सांभाळावे, आपण ते सांभाळत आहोत हे मोठ्याने सांगावे, आणि मगच दुसऱ्याने बिघाडाकडे वळावे.

इंजिन बंद करण्याच्या बाबतीत ठरलेल्या पायऱ्यांना फाटा देऊ नये. ४ फेब्रुवारी २०१५ रोजी तैपेईहून निघालेल्या ट्रान्सएशियाच्या एटीआर ७२ विमानात उड्डाणानंतर लगेच उजव्या इंजिनाची ताकद गेली. पडताळणी पूर्ण न करताच कॅप्टनने डाव्या, म्हणजे चांगल्या चालणाऱ्या इंजिनाचा लिव्हर (ताकद कमी-जास्त करणारा दांडा) मागे ओढला, आणि ४३ जणांचा जीव गेला. म्हणून लिव्हरवर हात ठेवून कोणते इंजिन ते उच्चारावे आणि सहकाऱ्याने मापके पाहून दुजोरा दिल्यावरच तो ओढावा. घाईत हेच आधी सुटते.

स्वतःच्या निर्णयाची खरी गरज वेळ आणि क्रम ठरवताना पडते. १५ जानेवारी २००९ रोजी न्यूयॉर्कवर सुमारे २,८०० फुटांवर पक्षी आदळून यूएस एअरवेजच्या ए३२० विमानाची दोन्ही इंजिने निकामी झाली, तेव्हा हातात असलेली चेकलिस्ट मोठ्या उंचीवरील बिघाड गृहीत धरून लिहिलेली होती. कॅप्टन सलनबर्गर यांनी त्या यादीत बरेच खाली असलेले एपीयू (वीज पुरवणारे छोटे सहायक इंजिन) लगेच सुरू केले, ‘माय एअरक्राफ्ट’ म्हणत नियंत्रण घेतले आणि सहवैमानिक स्काइल्स यांना चेकलिस्ट काढायला सांगितली. एपीयूमुळे वीजपुरवठा टिकला आणि त्याबरोबर विमानाला धोकादायक स्थितीत जाऊ न देणारी संगणकीय नियंत्रणाची संरक्षणेही टिकली. चेकलिस्ट शेवटपर्यंत वाचून झालीच नाही, पण विमान हडसन नदीत उतरले आणि १५५ जण वाचले. माझ्या मते हे चेकलिस्ट डावलणे नव्हते. कोणती पायरी कशासाठी आहे हे पक्के ठाऊक असल्यामुळेच तिला वर आणता आले.

हे ज्ञान जमिनीवरच मिळवावे लागते. सिम्युलेटरच्या आधी प्रत्येक पायरी कोणते यंत्र वाचवते आणि कोणती उंची गृहीत धरते, हे पुस्तिका उघडून तपासावे. केबिनमध्ये धूर असेल तर मात्र यादी संपण्याची वाट न पाहता आधी जवळच्या विमानतळाकडे वळावे आणि उरलेल्या पायऱ्या वाटेत कराव्यात.

सुरक्षिततेसाठी अपरिहार्य असेल तेव्हा नियमापासून ढळण्याची मुभा आयसीएओच्या (आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या) परिशिष्ट २ मध्ये आहे. ती वापरताना काय वगळतो आणि का, हे सहकाऱ्याला त्याच क्षणी सांगावे, कारण कॉकपिटमधील चूक पकडणारा दुसरा माणूस तोच असतो. आणि उतरल्यावर तेच अहवालात लिहावे.