चालू धंदा विकत घेताय? मालकाच्या हातात खरंच किती उरतं ते असं काढा

समजा बोरिवलीतलं एक चालू पोळी-भाजी केंद्र विकायला आहे, मालक म्हणतो वर्षाला 11 लाख सुटतात, 22 लाख द्या. लगेच टोकन देऊ नका, आधी वही-पेन घ्या.

पहिलं म्हणजे तीन वर्षांचे आयटीआर मागा. समजा नफा दिसतोय 9 लाख. त्यात घसारा (सामान जुनं होतं म्हणून हिशोबात दाखवलेली घट) 50 हजार मिळवा कारण तो फक्त कागदावरचा खर्च, कर्जाचं व्याज 70 हजार मिळवा कारण ते कर्ज जुना मालक फेडणार, मग घरचा मोबाईल आणि बाईकचं पेट्रोल धंद्यात टाकलेलं असतं ते 60 हजार, आणि पावसाळ्यात गळती झाली त्याचा एकदाच झालेला खर्च 40 हजार. झाले 11 लाख 20 हजार. म्हणजे मालक खोटं बोलत नाहीये.

पण बरेच जण इथेच थांबतात आणि अडकतात. आता वजा करायचं. त्याची बायको पहाटे पाचपासून पोळ्या लाटते, तिचा पगार हिशोबात कुठेच नाही, तुम्हाला मात्र बाई ठेवावी लागणार, महिना 18 हजार म्हणजे 2 लाख 16 हजार. गाळा वडिलांचा म्हणून त्याला भाडं शून्य, तुम्हाला 25 हजार धरले तर वर्षाचे 3 लाख. शेगड्या, फ्रीजर कधीतरी बदलावे लागतातच, त्याचे वर्षाला 44 हजार (हा खर्च धरायचाच हे अमेरिकन गुंतवणूकदार वॉरन बफे यांनी 1986 सालच्या भागधारकांच्या पत्रात मांडलंय). उरले 5 लाख 60 हजार, बरोबर निम्मे! आणि तुमची स्वतःची मेहनतही त्यातच आली.

मालकाच्याच जिवावर चालणाऱ्या अशा धंद्याची किंमत मी या उरलेल्या रकमेच्या दोन ते अडीच पट धरतो, म्हणजे 11 लाख 20 हजार ते 14 लाख.

"कच्च्यात अजून बराच धंदा आहे" असं कोणी म्हणालं तर बँक स्टेटमेंट, जीएसटी रिटर्न आणि 19 किलोच्या कमर्शियल सिलिंडरची बिलं बघा, गॅस किती जळतो त्यावरून स्वयंपाक किती होतो ते कळतं. जे कागदावर दिसत नाही त्याचे पैसे देऊ नका. गल्ला गणपतीच्या आठवड्यात नाही, साध्या मंगळवारी बसून बघा.

आणि गाळ्याचं लिव्ह अँड लायसन्स 11 महिन्यांचं नको, पाच वर्षांचं रजिस्टर करून मागा, भाडेवाढ किती तेही त्यातच लिहून घ्या, नाहीतर पुढच्या वर्षी भाडं 35 हजार झालं की त्या 5 लाख 60 हजारातले 1 लाख 20 हजार तिथेच गेले.