जुनी सिरियल परत बघायला बसताय? मग आधी एवढं करून ठेवा

पहिली गोष्ट, सिरियल ठरवायच्या आधी माणसं मोजा. किती जण येतायत ते नाही, त्यातले किती जण ती पहिल्यांदाच बघतायत ते. आम्ही सात-आठ जण वर्षातनं दोन-तीनदा असे बसतो आणि दरवेळी कुणाचा तरी नवरा, कुणाची बहीण, ऑफिसातली मैत्रीण असं एखादं नवं गिऱ्हाईक असतंच, आणि ते असलेलं बरंच, कारण आपल्याला पाठ झालेल्या जोकवर खरंखुरं हसणारं तेवढं एकच माणूस असतं. पण मग बाकीच्यांना आधीच दम देऊन ठेवायचा की "आता बघ हां, आता बघ" असं करायचं नाही. खुनी कोण ते सांगणं हा तर स्पॉयलर झालाच, पण सीन यायच्या आधी सरसावून बसणं आणि नव्या माणसाच्या तोंडाकडे टक लावून बघणं हा पण स्पॉयलरच. नवे-जुने मिक्स पब्लिक असेल तर माझं मत कोलंबो या अमेरिकन डिटेक्टिव्ह सिरियलला, तिथे खुनी सुरुवातीलाच दाखवून टाकतात आणि सगळी गंमत तो कसा अडकतो त्यात आहे, त्यामुळे फोडायला फारसं काही उरतच नाही.

मग आवाका बघा, कारण उत्साहाच्या भरात "सगळी परत बघू" म्हणणारे आपणच आणि चौथ्या एपिसोडला घोरणारे पण आपणच. फॉल्टी टॉवर्स या हॉटेलवरच्या ब्रिटिश विनोदी सिरियलचे सगळे मिळून १२ एपिसोड, सहा १९७५ चे आणि सहा १९७९ चे, अर्ध्या अर्ध्या तासाचे, म्हणजे सहा-साडेसहा तासात अख्खी सिरियल खल्लास, एका दिवसासाठी याच्याइतकं नेमकं माप दुसरं नाही. ट्वायलाइट झोनचे (१९५९ ते ६४) १५६ आहेत पण प्रत्येकाची गोष्ट वेगळी, कुठलेही पाच उचला. फक्त चौथा सिझन सांभाळा, त्यातले एपिसोड तासाभराचे आहेत आणि बाकी सगळे अर्ध्या तासाचे, आम्ही एकदा न बघता चौथ्यातलेच तीन घेतले आणि रात्रीचं गणित पार बोंबललं. महाभारत म्हणाल तर ९४ एपिसोड, ते वीकेंडचं कामच नाही, ते तेव्हा यायचं तसं दर रविवारी एकेकच बघावं, नाहीतर युद्धाच्या आधीच निम्मी सेना घरी गेलेली असते.

आता खरी मेहनत, आणि हीच सगळे विसरतात. कॉपी. आपल्या डोक्यात असलेली सिरियल आणि आज अ‍ॅपवर किंवा डीव्हीडीवर मिळते ती सिरियल सेमच असेल असं अजिबात धरून चालू नका. मागच्या वेळी एकाने आणलेल्या कॉपीत नेमका आमचा लाडका सीनच नव्हता आणि तो सीन खरंच होता की आपण मनानेच घातलाय यावर अर्धा तास भांडण झालं, शेवटी दुसऱ्याच्या डिस्कवर सापडला. तर सगळ्यात सोपी तपासणी म्हणजे मिनिटं बघा. जुन्या अमेरिकन सिरियलींचे एपिसोड तेव्हा लांब असायचे, स्टार ट्रेकचा (अंतराळयानावरची, १९६६-६९ ची, ७९ एपिसोडवाली) एकेक एपिसोड ५० मिनिटांच्या आसपास आहे, पुढे पुनःप्रक्षेपणात जाहिरातींना जागा करायला चॅनलवाल्यांनी कात्री चालवली. तुमची फाइल ४४-४५ मिनिटं दाखवत असेल तर समजायचं की कुणीतरी मधलं काहीतरी खाल्लंय. पण ५० ऐवजी ४८ दिसली तर लगेच बोंब मारू नका, फिल्मवरच्या सिरियली युरोपातल्या टीव्हीसाठी सेकंदाला २४ ऐवजी २५ फ्रेमने पळवायचे, त्यात काहीही न कापता ४ टक्के वेळ कमी होतो आणि सगळ्यांचे आवाज किंचित बारीक येतात.

दुसरी तपासणी चौकटीची. जुनी सिरियल चौकोनी, म्हणजे ४:३. ती आजच्या रुंद टीव्हीवर लावली की बाजूला काळे पट्टे येणारच, येऊ द्या, ते पट्टे बघवत नाहीत म्हणून झूम करणारा एक जण प्रत्येक ग्रुपमध्ये असतो त्याला आवरा. साइनफेल्डमध्ये रस्त्यातल्या खड्ड्यावर एक एपिसोड आहे, २०२१ ला नेटफ्लिक्सवर सिरियल रुंद चौकटीत आली तेव्हा वरनं-खालनं चित्र कापलं गेलं आणि त्यात खड्डाच गायब, त्यातली दोन पात्रं नुसती रिकाम्या रस्त्याकडे बघत उभी! लोकांनी केवढी टर उडवली होती. असली सिरियल असेल तर जुनी डीव्हीडी कुणाकडे आहे का ते विचारा, चित्र थोडं मऊ दिसेल पण पूर्ण दिसेल.

आणि आवाज. डब्ल्यूकेआरपी इन सिनसिनाटी ही रेडिओ स्टेशनवरची सिरियल, म्हणजे गाणी हाच तिचा जीव, पण गाण्यांचे हक्क तेवढ्यापुरतेच घेतलेले, त्यामुळे नंतरच्या कॉप्यांमध्ये कित्येक ठिकाणी भलतंच म्युझिक भरलंय. अशा सिरियलीची कॉपी घेताना मूळ गाणी कितपत आहेत ते आधी विचारून घ्या, नाहीतर जुनी आठवण काढायला बसायचं आणि कानावर परकंच काहीतरी पडायचं. मॅश ही युद्धातल्या लष्करी हॉस्पिटलवरची विनोदी सिरियल, तिच्या डीव्हीडीत लाफ ट्रॅक, म्हणजे मागून लावलेलं प्रेक्षकांचं हसू, बंद करायची सोय आहे, ती नक्की वापरून बघा. ऑपरेशन थिएटरच्या सीनना तसंही हसू लावायचे नाहीत, आणि बाकीचं हसू काढलं की तीच सिरियल एकदम गंभीर होऊन बसते. आमच्यात यावरून दोन पार्ट्या आहेत, मी बंदवाल्यांच्यात. स्टार ट्रेकच्या ब्लू-रेवर पण असंच, २००६ पासून नव्याने केलेले इफेक्ट की मूळचे ते निवडता येतं. मूळचेच निवडा राव, ते मॉडेलचं यान किंचित डळमळलं तरच आपलं वाटतं.

प्रिंट खराब आहे म्हणून तक्रार करणाऱ्यासाठी एक उत्तर पाठ करून ठेवा. जी सिरियल फिल्मवर शूट झाली ती परत स्कॅन करून झकास करता येते, आय लव्ह लूसी १९५१ ची असून ३५ एमएमवर आहे म्हणून आजही स्वच्छ दिसते, पण जी व्हिडिओटेपवर झाली तिच्यात चित्राच्या तेव्हा होत्या तेवढ्याच रेषा, नवीन आणणार कुठून. ट्वायलाइट झोनच्या दुसऱ्या सिझनमध्ये पैसे वाचवायला ६ एपिसोड टेपवर केले होते, ते लगेच ओळखू येतात. फॉल्टी टॉवर्समध्ये पण माणूस हॉटेलातनं बाहेर आला की चित्राचा पोतच बदलतो, कारण आतलं स्टुडिओत व्हिडिओवर आणि बाहेरचं फिल्मवर. टीव्ही बिघडला नाहीये, रिमोट खाली ठेवा.

क्रमाचं भांडण बसायच्या आधीच मिटवा. द प्रिझनरचे फक्त १७ एपिसोड पण ते कुठल्या क्रमाने बघायचे यावर फॅन लोक १९६७ पासून वाद घालतायत, पहिला आणि शेवटचे दोन एवढे पक्के, मधल्यांचं ज्याचं त्याचं वेगळं शास्त्र. स्टार ट्रेकचा दुसरा पायलट, म्हणजे सिरियल मंजूर व्हायच्या आधी केलेला नमुन्याचा एपिसोड, टीव्हीवर तिसऱ्या नंबरला दाखवला होता. माझा नियम साधा आहे, नवा माणूस असेल तर टीव्हीवर आला त्याच क्रमाने, सगळे मुरलेले असतील तर खुशाल चिठ्ठ्या टाका.

डॉक्टर हू ही बीबीसीची सायन्स फिक्शन सिरियल घेणार असाल तर एक जास्तीचं काम. साठच्या दशकातले नव्वदहून जास्त एपिसोड बीबीसीकडेच नाहीत, टेपा पुसल्या गेल्या. पण त्या काळी काही चाहत्यांनी घरी टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर धरून आवाज उतरवून ठेवलेला, म्हणून हरवलेल्या प्रत्येक एपिसोडचा आवाज आजही आहे आणि काहींवर ॲनिमेशनही केलंय. तर तुम्ही निवडलेली गोष्ट पूर्ण आहे का, की मधले दोन भाग नुसते ऐकायचेत, ते आदल्या आठवड्यात बघा, ऐनवेळी कळलं तर पचका. एकदा मुद्दाम लाइट घालवून नुसतं ऐकून बघा मात्र, आम्हाला ते भारी वाटलं.

कुणी माळ्यावरची व्हीएचएस घेऊन येतो म्हणाला तर कौतुक करा पण लगेच व्हीसीआरमध्ये घालू नका, कॅसेटच्या खिडकीतनं बघा, रिळावर पांढरट बुरशी दिसली तर ती टेप मशीनही घाण करते आणि मग पुढच्या टेपाही जातात. चांगली असेल तर एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे फिरवून मगच चालवा आणि जमलं तर तेव्हाच कॉपी करून ठेवा.

टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन ते चित्र गुळगुळीत करणारं मोशन स्मूदिंग बंद करा, हे बिनशर्त. लांबनं ऑनलाइन बसणारे असतील तर सगळ्यांची कॉपी एकच आहे ना ते बघा, माइक म्यूट, तीन-दोन-एक म्हणून प्ले, आणि कुणाचं मागे पडलं तर त्याने आपलं आपण गाठायचं, सगळ्यांना थांबवायचं नाही. सबटायटल आधी चालवून बघा, दोन सेकंद आधी येणारं सबटायटल म्हणजे जोकचा खूनच. खाणं कुरकुरीत नको, आवाज येतो.

आणि ऑटोप्ले बंद. नावं वर सरकत असतात, धून चालू असते, सगळे जरा गप्प असतात आणि तेवढ्यात खाली चौकोन येऊन पुढचा एपिसोड सुरू, असलं चालणार नाही. टायटल म्युझिक आम्ही सगळे मिळून गातो, बेसूर का होईना. गेल्या वेळी एकाने सवयीने स्किप इंट्रो दाबलं. तेव्हापासून त्याच्याकडे फक्त चहाचं काम आहे.