अँप्लिफायर आणलात, ठीक, स्टॅबिलायझर कशाला?

न्यू जर्सीत नवीन कुणी आलं आणि सामानात अँप्लिफायर असला, की पहिला फोन ठरलेला: "काका, स्टॅबिलायझर कुठला घेऊ? की ते पॉवर कंडिशनर, म्हणजे वीज स्वच्छ करून देणारं यंत्र, घेऊ?" थांबा. ही सवय आपल्याकडच्या विजेची आहे. संध्याकाळी दिवे पिवळे पडायचे, म्हणून स्टॅबिलायझर लागायचा. इथे १२० व्होल्टची वीज ११४ ते १२६ च्या दरम्यान राहणं अपेक्षित असतं. सॉकेटमध्ये लावायचा साधा मीटर आणा आणि आठवडाभर सकाळ-संध्याकाळ आकडा बघा. तो या हद्दीत असेल तर कंडिशनरचा विषय संपला. वारंवार बाहेर जात असेल तर आधी वीज कंपनीला कळवा, खरेदी नंतर.

खिडकीतला एसी सुरू झाला की दिवा मंदावतो? मग एसी, दिवा आणि बहुधा अँप्लिफायरही एकाच ब्रेकरवर असणार. १५ अँपियरच्या ब्रेकरवर सगळं मिळून १८०० वॉट. एसी त्यातला बराच वाटा खातो. अँप्लिफायर दुसऱ्या सर्किटवर न्या.

आता माझी फजिती. स्पीकरमधून सतत घूंऽऽ यायची. दुकानदाराने चारशे डॉलरचं कंडिशनर गळ्यात मारलं, घूं तशीच. शेवटी एकेक वायर काढत गेलो, तर केबल टीव्हीची वायर काढताच आवाज बंद! टीव्हीच्या वायरचं अर्थिंग एकीकडे, अँप्लिफायरचं दुसरीकडे. याला ग्राउंड लूप म्हणतात. केबलच्या वायरवर छोटा आयसोलेटर, म्हणजे अर्थिंगचा हा दुवा तोडणारा तुकडा, बसवला, काम झालं. घूं घालवण्यासाठी प्लगची तिसरी पिन मात्र कधीही तोडू नका. जिवाशी खेळ आहे तो.

विजेच्या अचानक उसळीपासून वाचवणारा सर्ज प्रोटेक्टर जरूर घ्या, उन्हाळ्यात विजा पडतात. पण तोही झिजतो. जवळ वीज पडून गेली की वीजपुरवठा चालू राहतो, संरक्षण मात्र संपलेलं असू शकतं. त्यावरचा छोटा दिवा बघत जा.

भारतातून आणलेल्या अँप्लिफायरच्या मागे व्होल्टेजचं बटण आहे का, ते प्लग लावण्याआधी बघा. नसेल तर १२० चे २३० करणारा ट्रान्सफॉर्मर लागेल, अँप्लिफायरच्या वॉटपेक्षा ऐसपैस क्षमतेचा.

खरी गंमत रेकॉर्ड प्लेअरची. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट बदलतो, हर्ट्‌झ नाही. हर्ट्‌झ म्हणजे विजेची सेकंदाला होणारी आवर्तनं: आपल्याकडे ५०, इथे ६०. जुन्या प्लेअरची मोटर हर्ट्‌झवर चालणारी असेल तर ३३⅓ ची तबकडी मिनिटाला ४० फेरे घेते. माझ्याकडे भीमसेनजींचा षड्ज थेट कोमल गंधारावर जाऊन बसला, आणि मी तासभर तबकडीला दोष देत होतो! ते कुठलंही कंडिशनर सरळ करणार नाही. काही प्लेअरना ६० हर्ट्‌झची वेगळी पुली (मोटरवरचं छोटं चाक) मिळते, ती शोधा. मोटर डीसी असेल तर ही कटकटच नाही.