मुलाला एडीएचडी आहे का? निदानापूर्वी पालकांनी करावयाची तयारी

अवधानातील अडचणी आणि अतिचंचलता, म्हणजेच एडीएचडी, यांचे निदान रक्ततपासणीने किंवा मेंदूच्या स्कॅनने होत नाही. ते घरातून आणि शाळेतून मिळालेल्या माहितीवर होते, आणि ती माहिती जमवणे हे बव्हंशी पालकांचेच काम असते. अनोळखी खोलीत अनेक चंचल मुले तासभर शहाण्यासारखी बसतात, त्यामुळे केवळ दहा मिनिटांच्या भेटीवरून दिलेल्या निर्णयावर, तो कोणत्याही बाजूचा असो, विसंबू नये.

२०१३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘डीएसएम-५’ या मानसिक विकारांच्या निदानासाठीच्या निकषसंहितेचा आधार भारतातील तज्ज्ञही घेतात. तीनुसार अवधानातील अडचणींच्या ९ किंवा अतिचंचलता व उतावीळपणाच्या ९ लक्षणांपैकी किमान ६ लक्षणे (वयाच्या सतराव्या वर्षापासून ५) सहा महिने तरी टिकलेली असावी लागतात. त्यांतील काही बाराव्या वर्षाआधीच दिसलेली असावीत, ती दोन किंवा अधिक ठिकाणी आढळावीत आणि त्यांमुळे अभ्यासाला किंवा मैत्रीला खरोखर बाधा येत असावी.

भेटीपूर्वी दोन आठवडे एक वही ठेवा. ‘फार मस्ती करतो’ असे न लिहिता, ‘गणिताची पहिली तीन उदाहरणे बरोबर, चौथ्यात बेरजेचे चिन्ह न पाहता वजाबाकी केली, पाचवे अर्धवट सोडून उठला’ असे लिहा. शक्य असल्यास गृहपाठाच्या वह्याही सोबत न्या. वर्गशिक्षकांसाठी व्हँडरबिल्ट किंवा कॉनर्ससारख्या, एडीएचडीची लक्षणे नोंदवणाऱ्या प्रश्नावलीची स्वतंत्र प्रत डॉक्टरांकडून घ्या आणि ती त्यांना तुमची उत्तरे न दाखवता भरू द्या. दोन्ही प्रश्नावल्यांत फरक आढळला, तर तोही उपयोगी धागा असतो: अडचण फक्त वाचन-लेखनाच्या तासाला येत असेल, तर अध्ययन अक्षमतेची (वाचन, लेखन किंवा गणित शिकण्यातील विशिष्ट अडचणीची) तपासणी आधी करावी लागते. ‘मोबाइल घेऊन दोन तास हलत नाही, मग याला कसला एडीएचडी?’ हा आजी-आजोबांचा प्रश्न रास्त वाटतो, पण क्षणोक्षणी बक्षीस देणाऱ्या खेळात रमणे ही या मुलांची नेहमीचीच गोष्ट आहे.

दृष्टी व श्रवण तपासून घ्या. मूल घोरत असेल, तर ॲडेनॉइडमुळे (नाकामागच्या वाढलेल्या गाठीमुळे) झोप मोडते का, हे विचारा. ते मध्येच काही सेकंद शून्यात पाहून थांबत असेल आणि हाकेला ओ देत नसेल, तर फिट्सची शक्यता डॉक्टरांच्या कानावर घाला. वर्गातील सर्वांत लहान मुलांवर हा शिक्का जास्त वेळा बसतो, म्हणून वयही सांगा. याउलट, गप्प बसून स्वप्नात हरवणाऱ्या मुली कुणाला त्रास देत नाहीत आणि त्यामुळेच निदानातून निसटतात.

निदान विकासात्मक बालरोगतज्ज्ञ किंवा बालमनोविकारतज्ज्ञ यांच्याकडून करून घ्यावे. कोणते निकष पूर्ण झाले, कोणत्या प्रश्नावल्या वापरल्या आणि चिंता किंवा अध्ययन अक्षमता सोबत आहे का, हे नमूद केलेला लेखी अहवाल मागून घ्या. शाळेशी पुढचे बोलणे त्याच कागदावर होते.